आईच्या कोंबड्या नाशकात

मखमलाबाद, नाशिक
२८ ऑक्टोबर १९९९

प्रिय लंके,

पत्राच्या आरंभी क्षेमकुशल विचारायचा शिष्टाचार आहे, पण आज तो बाजूला ठेवतो, कारण आधी एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. यंदा तू टपालाने पाठवलेली राखी स्पंजाची निघाली. स्पंज गुलाबी, त्यावर सोनेरी कागदाचं चक्र आणि चक्राच्या मधोमध प्लास्टिकचा मोर. पन्नाशी उलटलेला संस्कृतचा मास्तर मनगटावर मोर घेऊन नववीच्या वर्गात शिरला, तर त्या वर्गाचं आणि व्याकरणाचं काय होतं याची कल्पना कर. फळ्यावर धातुरूपं लिहायला हात वर केला की बाही खाली घसरते, मोर वर येतो आणि मागच्या बाकावरून केकारव होतो. तरी मी ती बांधून हिंडलो. तक्रार मोराची नाहीच खरी. पाकीट उलटं करून झटकलं, फुंकर मारून आत डोकावलो; चार अक्षता मिळाल्या, ओळ एकही नाही. फोन करावा तर तू ‘बरंय दादा, पाहुणे आलेत’ म्हणून ठेवतेस. सटाण्याला तुमच्या घरी बारा महिने तेरा काळ पाहुणे असतात आणि ते नेमके माझा फोन वाजल्यावरच उंबरा ओलांडतात, हे मान्य करणं माझ्या तर्कशास्त्राला जड जातं. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. विषय कोंबड्यांचा आहे. ‘माझ्यापुढं आईचा विषय काढू नको’ अशी ताकीद तू गेल्या वर्षी दिली होतीस, ती माझ्या लक्षात आहे. पण आईच्या कोंबड्यांबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

पोळ्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली, हे फिरत फिरत तुझ्या कानावर गेलं असेलच. विंचूरच्या घरी ओट्यावरून पडली. मनगट मुरगळण्यावर भागलं. पायरी ओली होती म्हणे. शेजारच्या मंगलाबाईने मला शाळेत फोन केला, ‘सर, तुमच्या आईला घेऊन जा. रोज सकाळी त्यांच्या दारात धूर दिसला नाय की मी हातचं काम टाकून पळते.’ मी गेलो. तात्या गेले आणि आई एकटी उरली, तेव्हापासून मी तिला न्यायला किती वेळा गेलो आणि हात हलवत परत आलो ते तुला ठाऊक आहे. या वेळी मात्र ती एका अटीवर तयार झाली. ‘माझ्या कोंबड्या आल्या तर मी येईन. नाय तर इथंच मरीन.’ पाच कोंबड्या. कोंबडा तिने मंगलाबाईला देऊन टाकला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘एका घरात दोन कोंबडे कशाला? तिथं तू हायेस ना आरवायला.’ तर भाड्याच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बांबूच्या डालग्याखाली कोंबड्या, मागे आई, आणि तिच्या पायाशी भांड्यांच्या गोणीवर संस्कृत विषयाचा विभागप्रमुख, अशी मिरवणूक निफाडमार्गे नाशकात आली. वाटेत तिने आणखी एक अट घातली. ‘दिवाळीपर्यंत बघीन. कोंबड्या रुळल्या तर मी रुळले. नाय रुळल्या तर मला गावाला पोचवायचं, आन परत न्यायला यायचं नाय.’ मी हो म्हणालो. कोंबड्या रुळायला काय लागतं, असं मला वाटलं. मला तेव्हा कोंबड्यांबद्दल जे माहीत होतं ते कोणीही पोस्टकार्डावर लिहिलं असतं आणि वर पत्त्यालाही जागा उरली असती.

आता तुझ्या वहिनीचा कळप. तू तो पाहिलेला नाहीस, कारण मखमलाबादला आम्ही घर बांधल्यापासून तू आलेली नाहीस; असो. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. साधनाने माळ घातली आहे, त्यामुळे आमच्याकडे कोंबडी कापली जात नाही. अंडी शेजारपाजारचे घेऊन जातात, आणि कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या तरी परसातच निवृत्तिवेतन घेत राहतात. याचा परिणाम असा झाला की आमचं परसू म्हणजे शाळेतली शिक्षकखोली झाली आहे. कोण कुठे बसणार, पाणी आधी कोण पिणार, सावलीतली जागा कोणाची, सगळं सेवाज्येष्ठतेने ठरलेलं. सर्वांत वरची जी आहे तिच्या मानेवर पीस नाही. जन्मतःच उघड्या मानेची जात असते तशी. साधना तिला फौजदारीण म्हणते. ती चालत आली की कोंबडासुद्धा बाजूला होतो. घरातला दुसरा पुरुष या नात्याने मला त्याची अवस्था चांगली समजते.

आईच्या पाचही कोंबड्यांच्या पायाला लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. गावाकडे शेजारच्या कोंबड्यांत मिसळतात म्हणून बायका बांधतात तशा, चांगल्या ठसठशीत, मागे बोटभर लोंबणाऱ्या. ‘वळखायला पायजे ना, माझ्या कुठल्या न तिच्या कुठल्या,’ आई म्हणाली. साधनाने ‘माझ्या’ आणि ‘तिच्या’ हे शब्द ऐकले आणि पाण्याची परात भरायला गेली. मी मनात म्हटलं, आरंभ तर यथासांग झाला.

मग गृहप्रवेश. नवी कोंबडी घरी आणली की तिला चुलीभोवती तीन वेळा फिरवायचं, म्हणजे ती घर सोडून जात नाही, हे तुला आठवत असेल. आई दारातच अडून बसली. चूल दाखवल्याशिवाय कोंबड्या परसात सोडायच्या नाहीत. आमच्याकडे चूल कुठली? शेगडी ओट्यावर, ओटा भिंतीला चिकटलेला. त्याच्याभोवती फिरायचं तर शेजाऱ्यांच्या न्हाणीतून जावं लागेल. शास्त्रात मूळ द्रव्य न मिळाल्यास प्रतिनिधी चालतो, असा मी निर्णय दिला आणि शहाणपणाची किंमत तिथल्या तिथे मोजली. मागच्या खोलीतला भरलेला सिलिंडर मलाच गडगडत आणून स्वयंपाकघराच्या मधोमध उभा करावा लागला. आईने त्याला हळदकुंकू लावलं. नंतर एकेक कोंबडी काखेत घेऊन साधनाने त्याच्याभोवती फेऱ्या घातल्या, आणि मी मागे उभा राहून, आता मंगलाष्टकं म्हणू का, असं विचारलं. दोघीही एकदम म्हणाल्या, ‘तुम्ही गप्प बसा,’ ‘तू गप ऱ्हा.’ त्या दोघींचं एकमत होण्याचा हा पहिला प्रसंग, म्हणून मी तो नोंदवून ठेवतो. पुढे सिलिंडर संपला आणि गाडीवाला तो घेऊन गेला, तेव्हा आई दिवसभर अस्वस्थ होती. ‘चूलच उचलून नेली की रे त्यानं. आता कशाला थांबतील त्या?’

पण त्याआधीच रणकंदन झालं होतं. पहिल्या दिवशी डालगं उचललं आणि फौजदारीण अशी धावून आली की वर्गात इन्स्पेक्टर यावा. मागून उरलेल्या सहा. आईच्या कोंबड्या पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसल्या त्या बसल्याच. दाणे टाकले तरी बाहेर येईनात; आल्या तर टोच्या. तुला आठवते का ती ढवळी, जिची अंडी मोठी असतात म्हणून आई कौतुक करते? तिच्या पायातून रक्त आलं. आई परसातल्या पायरीवर बसून मोठ्याने, पण कोणाकडेही न बघता म्हणाली, ‘जशी मालकीण तशा कोंबड्या.’ साधना आतून तितक्याच मोठ्याने, भांड्यांना उद्देशून म्हणाली, ‘गावच्या कोंबड्या आहेत, दोन दिवस टोच्या खातील, तिसऱ्या दिवशी घर ताब्यात घेतील.’ मी दोघींच्या मधल्या दारात वर्तमानपत्र वाचत होतो. त्या दिवशी मी छोट्या जाहिरातीही वाचल्या.

म्हणून मग मध्ये जाळी घातली. द्राक्षबागेवाल्या एका पालकाकडून जुनी तारेची जाळी आणली आणि परसाचे दोन भाग केले. अलीकडे सात, पलीकडे पाच. एकमेकींना बघू दे, आवाज ऐकू दे, सवय होऊ दे. अशा रीतीने आमच्या परसात द्वैतमताची स्थापना झाली. जाळीचा उपयोग झाला, नाही असं नाही. फौजदारीण आधी जाळीवर चोच आपटायची, मग नुसती येरझारा घालायला लागली, मग तिला कंटाळा आला. आठवडाभराने दोन्हीकडच्या कोंबड्या जाळीला टेकून उन्हात बसलेल्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, झालं, आता अद्वैत. जाळी काढली. आणि पुन्हा तेच. पण या वेळी एक गोष्ट निराळी होती. त्या डोक्यावर टोचत नव्हत्या, पाठीवर टोचत नव्हत्या. फक्त पायांवर.

इथे तुझ्या भावाच्या विद्वत्तेचा पहिला आणि बहुधा शेवटचा व्यावहारिक उपयोग झाला, म्हणून जरा सावकाश वाच. रविवारी सकाळी मी खुर्ची टाकून परसात बसलो होतो. पाचींपैकी भुरकीची चिंधी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या जाळीच्या तारेत अडकून तुटली. भुरकी तशीच सातजणींच्या मधून चालत गेली, फौजदारिणीच्या नाकासमोरचा दाणा उचलला, आणि तिला कोणी हूं की चूं केलं नाही. बाकीच्या चौघी पळतच होत्या. मी उठून उभा राहिलो. जिथे चिंधी तिथे टोच, जिथे चिंधी नाही तिथे टोच नाही. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही सिद्ध! पंचवीस वर्षं मुलांना शिकवतो आहे, डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं. लाल रंग, लोंबणारा, हलणारा. कोंबडीला त्यात रक्त दिसत असेल, नाही तर किडा. वैर कोंबडीशी नव्हतं, चिंधीशी होतं. मी घरात जाऊन हा सिद्धान्त दोघींपुढे मांडला. साधना म्हणाली, ‘मग काढून टाका चिंध्या.’ आणि आई म्हणाली, ‘चिंध्या काढायच्या नायत.’

मी समजावलं, मग जरा आवाज चढवला, मग थट्टा केली. काही उपयोग नाही. ‘चिंध्या काढल्यावर माझ्या कुठल्या ते कसं कळायचं?’ मी म्हणालो, अगं, तुझ्याच हातच्या पाच कोंबड्या, तुला चिंधी कशाला लागते? मला वाटलं, झालं, हे ते तुझं-माझं. हे घर सुनेचं, या कोंबड्या सुनेच्या, आणि आपलं म्हणून काय उरलं तर पाच चिंध्या. तिला ते बोलूनही दाखवलं, हे मला नंतर फार लागलं. ती उठली आणि लुगड्यांची घडी घालायला बसली. ‘दिवाळी जवळ आली. मला विंचूरला पोचव. कोंबड्यांचं जमत नाय.’ मनगट अजून पुरतं बरं नव्हतं. पुन्हा त्या ओट्यावर ती एकटी, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुला फोन करावा असंही वाटलं. पण तुझ्याकडे पाहुणे असते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर परसात चमत्कार. पाचींच्या पायांतल्या चिंध्या गेलेल्या, आणि त्या जागी काळ्या दोऱ्यात ओवलेलं एकेक घुंगरू. आमची वेदिका चौथीत असताना नाच शिकत होती, तेव्हाच्या चाळातली घुंगरं. आता ती पुण्याला इंजिनिअरिंग शिकते आणि चाळ माळ्यावर पडलेले. कोंबड्या चालायला लागल्या की छुमछुम. पहिला दिवसभर आमच्या सातजणी त्या आवाजाला बिचकून कुंपणाशी उभ्या होत्या, आणि पाहुण्या मात्र मधोमध नाचत दाणे खात होत्या. शिक्षकखोलीत कोणीतरी पायात पैंजण घालून यावं आणि मुख्याध्यापिकेने खुर्ची सोडून द्यावी, तसा प्रकार. मी साधनाला विचारलं, आईने चिंध्या कशा काढू दिल्या? मी काल दिवसभर डोकं फोडलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, ‘तुम्हाला तर्क येतो ना? करा तर्क.’

तर्क मी केला नाही, हे सांगताना लाज वाटायचं कारण नाही, कारण मी त्या आनंदातच होतो. आवाजाची सवय दोन दिवसांत झाली. बाराही कोंबड्या एकाच खुराड्यात जायला लागल्या. ढवळी खुडूक झाली आणि फौजदारिणीच्या अंड्यांवर जाऊन बसली; फौजदारीण बाहेर पहारा देते आहे असं आईचं म्हणणं, रागावून फेऱ्या मारते आहे असं साधनाचं. यावर दोघींचा रोज संध्याकाळी वाद होतो, आणि तो वाद घालताना दोघी एकाच पायरीवर बसलेल्या असतात. लुगड्यांचं गाठोडं कपाटात गेलं. गेल्या आठवड्यात आई साधनाला म्हणाली, ‘बाजरी संपलीय, आपल्या कोंबड्यांना आन.’ साधनाने ते मला स्वयंपाकघरात येऊन दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ‘आपल्या’वर जोर दिला. लंके, मी फार दिवसांनी इतका स्वस्थ झोपलो.

आणि मग शनिवारची गोष्ट. शाळा अर्धी असते. दुपारी मी कपडे बदलून, स्वच्छ लेंगा-सदरा घालून परसात गेलो. आई पायरीवर बसून कण्या टाकत होती. मला वाटायचं ती कोंबड्यांकडे बघते. त्या दिवशी नीट पाहिलं, तर तिचं तोंड कुंपणाकडे होतं आणि मान एका बाजूला कललेली. घुंगरू वाजलं की ती त्या अंगाला मूठ सोडायची. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, हाताच्या अंतरावर. तिने वर पाहिलं, सरळ माझ्या तोंडाकडे. आणि म्हणाली, ‘साधना, कण्या संपल्या बघ.’ ती माझ्याकडे बघत राहिली, भिंतीकडे बघावं तशी, मग पुन्हा कोंबड्यांकडे वळली. मला खोकला आला तेव्हा दचकली. ‘मोती व्हय? कवा आलास?’

आत जाऊन मी साधनाला विचारलं. तिने शेगडी बंद केली आणि सांगितलं. ती पहिल्या आठवड्यापासून ओळखून होती. आई तांदूळ निवडायला घ्यायची आणि खडे तसेच राहायचे. साधना ते मागाहून गुपचूप पुन्हा निवडायची. चहा कपाच्या बाहेर पडायचा. भिंतीवरून हात फिरवत न्हाणीत जायची. विंचूरच्या घरात पायरी न् पायरी, रांजण न् रांजण तिला पाठ होता, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. इथे सगळं नवं. कोंबड्यांच्या पायाला ती ठसठशीत लाल चिंधी का बांधली, तर तेवढंच दिसतं म्हणून. तिने साधनाला शपथ घातली होती, ‘मोतीला सांगू नको. आंधळी म्हातारी घरात कोन ठेवून घेतं? तो डॉक्टरकडं नेईल, आन डॉक्टर डोळा काढून घेईल.’ साधनाने शपथ पाळली. फक्त घुंगरं बांधली. आणि आमच्या घरात सुनेचं नि सासूचं पटत नाही म्हणून मी गावभर सांगत फिरलो, त्यात पूर्वी तुलाही सांगितलं होतं. ते मागे घेतो.

सोमवारी आम्ही तिला नाशकातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेली, फार कटकट केली नाही. साधनाचा हात धरून गेली, माझा नाही. डाव्या डोळ्यात काचबिंदू आहे. ती दृष्टी गेली ती आता यायची नाही. उजव्यात मोतीबिंदू चांगला पिकलेला आहे, तो काढता येतो. त्या डोळ्याने नीट दिसेल असं डॉक्टर म्हणाले, आणि हेही म्हणाले की आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर त्यांना असं बोलता आलं नसतं. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. दोन ग्लास. मला इतकं हलकं वाटत होतं की रसवाल्याला मी संस्कृतात धन्यवाद म्हणालो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो, आणि तू पत्र मिटून ठेवू नकोस. ती माझ्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघत होती ना, तेव्हा मला एकदम तू आठवलीस. गेल्या वर्षी लासलगावला, आपल्या मावसभावाच्या पोराच्या लग्नात. तू मला मांडवाबाहेर येऊन सांगितलं होतंस, ‘दादा, मी समोर उभी होते. आईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि पुढं जाऊन दुसरीच्या शेजारी बसली. मी काय तिची वैरीण आहे?’ त्याआधी, तात्या गेल्यावर, तू तिला सटाण्याला न्यायला आली होतीस आणि ती चारचौघांत म्हणाली होती, ‘लेकीच्या दारात म्हातारपण काढू का मी?’ ते तिने बोलायला नको होतं. जुन्या बायकांना लेकीच्या घरचं पाणीसुद्धा जड वाटतं, हे तुलाही माहीत आहे, पण बोलण्याची एक रीत असते. त्या शब्दांवर लग्नातली ती नजर बसली, आणि तू तिला भेटायचीच सोडून दिलीस. मी मंगळवारी आईला विचारलं, लासलगावच्या लग्नात लंका तुझ्यासमोर उभी होती, तू बोलली का नाहीस? लंके, तिने काय विचारलं सांगू? ‘लंका आली व्हती?’ मग पदराशी चाळा करत म्हणाली, ‘मला वाटलं रुसलीय, आली नाय. जावयाचा, गोटीराम पाव्हण्यांचा आवाज आला मला, म्हनून मी वाट बघत बसले. हाक मारील म्हटलं. कोनी हाक मारली नाय.’ ती त्या दिवशी तुझीच वाट बघत बसली होती, तुझ्यापासून चार पावलांवर. आणि तेव्हापासून तीही तुझ्यावर रुसून आहे.

ऑपरेशन भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी आहे. एक दिवस दवाखान्यात, मग घरी. मी अजून आईला काही कबूल केलेलं नाही. तू येणार असं सांगितलेलं नाही, कळवतो म्हणूनही सांगितलेलं नाही. घरात तुझ्यासाठी जागा आहे, गोटीरामरावांनाही आहे, ते घोरतात हे लक्षात घेऊन पुढची खोली देऊ. ऑपरेशनची मला फारशी काळजी नाही. डॉक्टर जाणते आहेत, डोळा निभावेल. मला भीती वेगळीच वाटते आणि ती थट्टेत घालून सांगता येईल का, हे या सबंध पत्रभर मी बघत होतो. येत नाही. मला भीती वाटते की तू तिला दिसली नव्हतीस एवढंच होतं हे कळल्यावरही, ‘लेकीच्या दारात’ हे तिचं पहिलं वाक्य तुझ्या मनातून जायचं नाही, आणि तू येणार नाहीस.

तुझाच,
मोतीदादा